घासणीला पुरून उरणारी नक्षी

मे महिन्यातली गोष्ट. भाचीचं लग्न लातूरला होतं आणि आम्ही नांदेडहून गाडीने निघालो होतो. रुखवतात मांडायला मी सहा स्टीलचे टम्बलर सजवले होते. गुलाबी रंग, वर जरीची पट्टी, गळ्याशी कुंदनाची माळ आणि मधोमध मोत्यांनी लिहिलेलं नवरा-नवरीचं नाव. वर्तमानपत्रात गुंडाळून सगळे डिकीत ठेवले. लोहा मागे टाकून अहमदपूरला चहाला थांबलो, तेव्हा म्हटलं, एकदा बघून तरी घ्यावं. डिकी उघडली तर भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ अंगावर आली. कागद सोडला. माळ गळ्यावरून घसरत पार बुडाशी आलेली, जर वर्तमानपत्राला चिकटलेली आणि जावयाच्या नावातलं पहिलंच अक्षर गायब. सासूबाई मागून वाकून बघत म्हणाल्या, "अगं माय, हा तर चंद्रहार कमरेला आला की!"

हसू ओसरल्यावर त्या आणखी एक बोलल्या आणि तेच माझ्या कामाचं निघालं. "आपल्या फुलपात्रावरचं नाव बघ. मी लग्न होऊन आले तेव्हापासून राखेनं घासतेय, एक ठिपका हलला नाही."

घरी परतल्यावर ते पितळी फुलपात्र हातात घेतलं. नाव घालणाऱ्याने छिन्नीने ठिपके मारत नाव उठवलं होतं. वरून काहीच चढवलेलं नव्हतं, त्यामुळे पडण्यासारखंही काही नव्हतं. तेव्हापासून कुठलाही पेला सजवायला घेतला की गोंद हातात घेण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारते: ही सजावट कोरायची, चढवायची की बांधायची? कोरलेलं कायम राहतं. बांधलेलं मळलं की सोडून धुता येतं. चढवलेलं सगळ्यात देखणं दिसतं आणि सगळ्यात आधी निखळतं. आपण मात्र हौसेच्या भरात थेट चढवायलाच बसतो.

आपल्याकडे अशा पेल्याला तीन परीक्षा द्याव्या लागतात: मे महिन्याचं ऊन, बोअरचं क्षाराचं पाणी आणि मोरीतली घासणी. या तिन्हींत पास होईल ते कसं करायचं, ते आता क्रमाने पाहू.

पेला कोणता घ्यायचा

आधी तो कोणासाठी आहे ते ठरवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकवीस-एक्कावन्न नग वाटायचे असतील तर साधा एकेरी भिंतीचा स्टीलचा ग्लास पुरतो. रुखवत, वाढदिवस किंवा लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहिलेल्या लेकराला द्यायचा असेल तर झाकणाचा, दुहेरी भिंतीचा टम्बलर घ्यावा.

फरक नुसता किमतीचा नाही. एकेरी ग्लासात माठातलं किंवा फ्रीजचं पाणी ओतलं की बाहेरून घाम सुटतो. त्या ओलीनं कागद फुगतो, सुतळीला वास येतो, पांढरा गोंद विरघळतो. म्हणून एकेरी ग्लासावर कागद आणि ताग नकोच, तिथे कोरकाम किंवा रंग बरा. दुहेरी भिंतीच्या आत निर्वात पोकळी असते, त्यामुळे बाहेरची भिंत कोरडी राहते आणि तिच्यावर बरंच काही टिकतं. मात्र ही पोकळी बुडाशी बंद केलेली असते. तिथे खिळा, ड्रिल, जाळ असलं काही नको. एकदा हवा आत शिरली की टम्बलर नुसता जाड ग्लास होऊन बसतो.

बुडावर '304' किंवा '18/8' असं उठवलेलं आहे का बघा. साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेल्या, गंजाला दाद न देणाऱ्या स्टीलची ही खूण. आकार शक्यतो सरळ उभा घ्या. खाली निमुळत्या पेल्यावर चौकोनी कागद गुंडाळला की सुरकुत्या पडतातच. निमुळताच हवा असेल तर आधी वर्तमानपत्र गुंडाळून, जादा भाग कापून साचा काढा. उलगडला की तो पंख्यासारखा वाकडा दिसेल, तोच बरोबर असतो.

तीन सीमा

पेन्सिलीने वर आणि खाली दोन रेघा मारूनच कामाला लागा, तिसरी सीमा आतली. वरच्या काठापासून दोन बोटं, म्हणजे अडीच सेंटिमीटर, जागा कोरी सोडायची. तिथे ओठ लागतात. रंग, चमकी, रेझिन, गोंद यातलं काहीही तिथे नको, बाटलीवर काहीही छापलेलं असो. बुडापासून एक सेंटिमीटर सोडायचं, कारण ओट्यावर आपटून सजावट तिथूनच उखडू लागते. आणि आतल्या बाजूला काहीच करायचं नाही. झाकणाची रबरी रिंग आधी काढून ठेवा. तिच्यावर रंगाचा थेंब जरी पडला तरी झाकण गळायला लागतं.

पहिला प्रकार: कोरून

सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ प्रकार म्हणजे नाव घालणं. भांड्यांच्या दुकानात विजेच्या छोट्या यंत्राने चार-दोन मिनिटांत नाव घालून देतात. टम्बलरवर पावडर कोटिंगचा रंग असेल तर लेझरने नाव घालून घ्या. लेझर वरचा रंग जाळतो आणि खालचं स्टील उघडं पडतं. अक्षर चंदेरी दिसतं, त्याला चिकटवलेलं काही नसल्याने घासणीची भीती नाही. 'सप्रेम भेट' आणि तारीख आपल्या आजीच्या काळापासून चालत आलेली आहे, ती आजही शोभते. अक्षरं कागदावर स्वतः लिहून द्या आणि काम सुरू होण्याआधी एकदा मोठ्याने वाचून घ्या. कोरलेली वेलांटी पुन्हा बदलत नाही.

घरच्या घरी कोरल्याचा भास हवा असेल तर शेजारच्या बिदरकडे बघा. बिदर जिल्हा लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांना लागून आहे. तिथले कारागीर जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूत चांदीची तार ठोकून बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरात कालवून तापवतात आणि तिने भांडं घासतात. धातू काळा पडतो, चांदी मात्र तशीच उजळ राहते. काळ्यावर चंदेरी, एवढंच सूत्र आपण उसनं घ्यायचं.

साधा स्टीलचा टम्बलर घ्या. चिकट स्टिकर शीटवर वेल, पाकळ्या, ठिपके कापून ते पेल्यावर घट्ट बसवा. कडा नखाने दाबा, नाहीतर रंग आत शिरतो. आता उघड्या राहिलेल्या स्टीलवर 320 नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. हा क्रम उलटवू नका. आधी घासून मग स्टिकर लावले तर चंदेरी राहायच्या जागीच ओरखडे दिसतील. पुसून त्यावर धातूवरचा प्रायमर आणि मग काळ्या मॅट रंगाचे दोन पातळ फवारे मारा. दुसरा हात किंचित ओलसर असतानाच स्टिकर तिरपा ओढत सावकाश काढा. पूर्ण वाळल्यावर काढला तर रंगाची कड फाटते. एक दिवसाने वरून पारदर्शक लॅकरचा हात द्या आणि आठवडाभर पेला पाण्याला लावू नका. हात लावला तर रंग तासाभरात वाळलेला वाटतो, पण तो कडक व्हायला दिवस लागतात.

विकायचा असेल तर त्याला 'बिदरी' म्हणू नका. त्या कामाला भौगोलिक मानांकन आहे आणि नाव तिथल्या कारागिरांचं आहे. 'काळा-चंदेरी पेला' म्हटलं तरी गिऱ्हाइकाला कळतं.

दुसरा प्रकार: चढवून

इथे गोंदाची निवड हेच अर्धं काम आहे. माझी माळ घसरली ती गोंदाच्या बंदुकीमुळे. तिच्यातली गोंदाची कांडी उष्णतेने वितळते म्हणूनच वापरता येते, मग बंद डिकीत ती मऊ पडणारच. रुखवताच्या पाटावरच्या फुलांना ती ठीक, पेल्याला नको.

पांढरा फेव्हिकॉल कागद, कापड, सुतळी यांचा सोबती. गुळगुळीत स्टीलला तो नीट धरत नाही आणि पाण्याने सुटतो. म्हणून खाली प्रायमर आणि वर वार्निश असेल तेव्हाच तो वापरा. फेव्हिक्विक झटपट धरतो, पण आरशांवर आणि कुंदनावर पांढुरकी वाफ धरते आणि धक्का बसला की कडकन सुटतो. सुती धाग्यावर तर तो चटका बसेल इतका तापतो, तेव्हा जपून. खडे, टिकल्या, आरसे यांना बी-7000 नावाचा पारदर्शक गोंद चांगला. तो मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतो, कारण ते स्क्रीन बसवायला तोच वापरतात. वाळल्यावर थोडा लवचीक राहतो म्हणून धक्का सोसतो, पण त्याला पुरे दोन दिवस द्या. कवडी, घुंगरू, धातूची फुलं असं जड काही असेल तर एरल्डाइटसारखा दोन नळ्यांचा गोंद लागतो. दोन्ही भाग सारखे घ्या आणि रंग एकसारखा होईपर्यंत काडीने घोटा.

कुठलाही गोंद लावण्याआधी पेला साबणाने धुवा, कोरडा करा, 220 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हातावरचं जेल सॅनिटायझर चालत नाही, त्यातल्या ग्लिसरीनचा थर मागे राहतो. पुसल्यानंतर पेला आतून धरायचा. बोटाचं तेल जिथे लागतं तिथूनच पुढे पापुद्रा सुटतो.

कागद लावायचा असेल तर पांढरा रंग देऊन त्यावर छापील टिश्यूचा फक्त वरचा पदर लावा. खालचे पांढरे पदर सोलून टाका, नाहीतर फुगे येतात. लग्नपत्रिकेतली नक्षी किंवा आजीचा फोटो लावायचा असेल तर झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट घ्या. इंकजेटची शाई गोंदाच्या ओलीनं पसरते. जुन्या इरकलीचा काठही सुंदर बसतो, पण त्यावर रेझिनचा थर हवा. नुसता कापडी काठ चहाचे डाग पितो.

रेझिनचं वेळापत्रक

चमकी, कागद, काठ यांच्यावर काचेसारखा थर देणारं इपॉक्सी रेझिन आता सगळीकडे मिळतं. त्याच्याबरोबर येणाऱ्या चित्रफितींत सगळं सोपं दिसतं, पण त्या आपल्या हवामानात केलेल्या नसतात.

रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं: कुठे 1:1, कुठे 2:1, कुठे 3:1. ते वजनाने की मापाने, हेही तिथेच लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच वाचायचं राहतं. साधारण 600 मिलीच्या टम्बलरला एका थराला 20 मिलीच्या आसपास मिश्रण पुरतं. तीन मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत. जोरात ढवळलं की फेस होतो. अंदाजाने ओतलं तर आठ दिवसांनीही हात चिकटतो आणि मग ते काढून टाकण्याशिवाय इलाज नाही.

तापमान दहा अंशांनी वाढलं की मिश्रण हातात राहण्याचा वेळ साधारण निम्म्यावर येतो. पंचवीस अंशांना चाळीस मिनिटं मिळत असतील तर पस्तीसला वीस, आणि मे महिन्याच्या दुपारी दहाच. कपात गोळा झालेलं रेझिन तर स्वतःच तापून धुरायला लागतं. पावसाळ्यात उलटी तऱ्हा. दमट हवेनं वर तेलकट, पांढुरका पापुद्रा येतो. म्हणून आपल्या भागात रेझिनचे दिवस दिवाळी ते होळी. पुस-माघाच्या थंडीत ते मधासारखं घट्ट होतं, तेव्हा बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात उभी करा. मे महिन्याच्या लग्नाचे पेले फेब्रुवारीतच उरकून ठेवा.

थर ओघळू नये म्हणून पेला आडवा धरून फिरता ठेवावा लागतो. त्यासाठी महागडं यंत्र घ्यायची गरज नाही. गणपतीच्या आराशीत फिरत्या देखाव्याला लावतात ती मिनिटाला चार-सहा फेरे घेणारी मोटर चालते. मात्र ती घरच्या विजेवर चालते, तेव्हा वायर इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्या. मोटर नसेल तर रेझिन सोडा. तीन-चार तास हाताने पेला फिरवत बसणं ही हौस नव्हे, शिक्षा आहे.

थर दुसऱ्या दिवशी कडक वाटतो, पूर्ण पक्का व्हायला तीन दिवस धरा. काम करताना नायट्राइलचे हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. एकदा त्वचेला याची ॲलर्जी झाली की ती सहसा जात नाही. खडबडीत भाग घासायचा तर ओला करून घासा, धूळ नाकात जाता कामा नये. रेझिनची वाटी, चमचा पुन्हा स्वयंपाकघरात आणायचा नाही. आणि पक्का झालेला थरही उकळत्या पाण्यात, भांडी धुण्याच्या यंत्रात किंवा उन्हातल्या गाडीत मऊ पडू शकतो.

तिसरा प्रकार: बांधून

मला स्वतःला हा प्रकार सगळ्यात आवडतो आणि आपल्या भागाचं सामानही याला सगळ्यात जास्त लागू पडतं. लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या जनावरांच्या बाजारात गळ्यातले रंगीत गोंडे, घुंगरमाळा, कवड्यांच्या माळा यांची दुकानं लागतात. पोळ्याच्या आधी हेच सामान गावोगावच्या बाजारात येतं. बैलाच्या मानेवर घाम, धूळ, पाऊस सोसायला केलेला गोंडा पेल्याच्या गळ्याला सहज टिकतो.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या तांड्यांवर बंजारा बायकांचं आरसे-कवड्यांचं भरतकाम आहे. त्याची खोळ टम्बलरला फार शोभते. पण जुनी फेटिया (घागरा) किंवा कांचळी (चोळी) कापून खोळी शिवू नका. तसं काम आता फार हातांत उरलेलं नाही. भरणाऱ्या बाईकडून खोळीच्या मापाची नवी पट्टी करून घ्या आणि तिच्या टाक्यांचे पैसे घासाघीस न करता द्या.

खोळीचं माप असं घ्या. दोऱ्याने पेल्याचा वरचा आणि खालचा घेर मोजा. दोन्ही सारखे नसतील तर मघाचा वर्तमानपत्री साचा वापरा. उंची दोन्ही सीमांच्या आत ठेवा. आतून सुती अस्तर लावा आणि मागे दोन टिचबटणं. इलॅस्टिक वर्षभरात ढिलं पडतं. आरसे आणि कवड्या वरच्या निम्म्या भागातच ठेवा, हाताची पकड येते तिथे सपाट टाके हवेत. घुंगरू एकच, फार तर दोन. वर्गात बसणाऱ्या लेकराला द्यायचा असेल तर एकही नको.

'लातूर पॅटर्न'च्या शिकवण्यांत एका वर्गात एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या डझनभर बाटल्या दिसतात. मेसमध्ये अदलाबदल तर रोजची. अशा मुला-मुलींसाठी चमकी-कुंदन काहीच नको. अंगावर लेझरने नाव घाला, झाकणावरही एक अक्षर घाला आणि गळ्याला रंगीत विणलेली दोरी बांधा. झाकणंच जास्त हरवतात.

द्यायच्या आधी पारखा

एक जादा पेला करा आणि त्याचे हाल करा. रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी कडेला नख लावून बघा. मऊ स्पंजने वीस वेळा घासा. दुपारी दोन तास उन्हात ठेवा. बोअरचं पाणी शिंपडून तसंच वाळू द्या. काळ्या आणि गडद चकचकीत रंगावर क्षाराचे पांढरे ठिपके लगेच दिसतात, ते व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने पुसा. तारेच्या घासणीला मात्र कोरकाम सोडलं तर काहीच पुरत नाही, तेव्हा पेल्यासोबत चिठ्ठी द्या: हाताने, मऊ स्पंजने धुवा; भिजत ठेवू नका; उन्हात गाडीत ठेवू नका.

विकायचं असेल तर

बचत गटातल्या मैत्रिणी विचारतात, किंमत काय लावू? समजा, टम्बलर अडीचशेचा, सामान एकशेवीस, डबा तीस, म्हणजे चारशे झाले. तीन तासांची मजुरी ताशी साठने एकशेऐंशी. दहातला एक बिघडतोच, त्याचे चाळीस धरा. सहाशेवीस ही तुमची पडती किंमत, नफा त्यावर. 'ग्लास तर अडीचशेला मिळतो' म्हणणाऱ्या ताईंना अडीचशेचा कोरा ग्लास नम्रपणे दाखवा. सिनेमातली पात्रं, क्रिकेट संघांची चिन्हं विक्रीच्या मालावर घालू नका, ती दुसऱ्याच्या मालकीची असतात. वेल, कोयरी, मोर, तुळस यांवर कोणाचा हक्क नाही.

भाचीचे ते सहा टम्बलर पुढे मी पुन्हा केले. रंग, जर, कुंदन सगळं खरवडून काढलं, दोघांची नावं कोरून घेतली आणि गळ्याला माळेगावचे लाल-पिवळे गोंडे बांधले. रुखवताची वेळ कधीच टळून गेली होती, म्हणून ते थेट तिच्या ओट्यावर गेले. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, "मावशी, गोंडे पार मळलेत गं, दुसरे पाठव." शोकेसमधले गोंडे मळत नाहीत. मी त्याच दिवशी पाठवून दिले.